गाडीचे खूर

टायर घ्यायला माणसाला किती वेळ लागावा? दुकानात जायचं, गाडीचं नाव सांगायचं, दोन-चार टायरं बघायची, जरा घासाघीस करायची, बसवून घ्यायची आणि चहा पिऊन घरी यायचं. शहाण्या माणसाचं हे अर्ध्या दिवसाचं काम. माझा त्यात आख्खा उन्हाळा गेला होता. आजही मोंढा नाक्याकडून जाताना दुकानापुढं टायरांची थप्पी दिसली की माझं डोकं तापतं आणि तोंडात मामांचं नाव येतं. त्याच्या आगेमागे जे शब्द येतात ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. पडेगावच्या पुढं, वेरूळ रस्त्याला लागूनच त्यांचं घर. घरामागं एके काळी त्यांची जमीन होती, तिथं आता प्लॉट पडलेत, आणि गोठ्याच्या जागी कुणाची तरी चारचाकी उभी असते. मामा उंच, सडपातळ. धोतर, सदरा आणि खांद्यावर पांढरा पंचा. त्या अंगकाठीला न शोभणारे दोन भलेमोठे अंगठे त्यांच्या हाताला होते. मामा जगाकडं बघायचे ते त्या अंगठ्यांनी. भाकरी वाढली तरी आधी अंगठ्यानं दाबून बघणार, मग तुकडा मोडणार. मामी म्हणायची, लग्नात अंतरपाट धरला होता म्हणून वाचले, नाय तर मलाबी दाबून बघितलं असतं.

मामा बैलपारखी होते. आमच्या सगळ्या भाऊबंदांत, सोयऱ्याधायऱ्यांत रिवाजच होता, की मामांचा हात फिरल्याशिवाय बैल दावणीला यायचा नाही. लासूरच्या बाजारात मामा शिरले की व्यापारी आपापल्या बैलांच्या पाठी उगीच झटकायला लागायचे. मामा बैलाच्या मागून चालत यायचे, पुढून कधीच नाही. पुढून सगळेच चांगले दिसतात म्हणायचे. मग खूर बघायचे, दात बघायचे, अंगावरचे भोवरे बघायचे, पंचा जमिनीवर टाकून बैलाला त्यावरून चालवायचे. हे सगळं झालं की व्यापाऱ्याकडं न बघता म्हणायचे, "दुसरा दाखव." चांगला असला तरी पहिल्या बैलाला ते हो म्हणायचेच नाहीत. आणि शेवटी एखादा पसंत पडलाच, तरी सौदा त्याच दिवशी नाही. बैल रातभर आपल्या दारात बांधायचा. तो रात्री कसा बसतो, कसा उठतो, वैरणीला तोंड कसं लावतो हे बघून सकाळी निकाल. व्यापारी दातओठ खायचे, पण मामांना नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती.

माझ्या वडलांनी एकदा एक पांढरीशुभ्र जोडी पसंत केली होती. बघत राहावी अशी. मामांनी रातभर आमच्या दारात खाट टाकली आणि सकाळी सांगितलं, यातला एक ओझ्याखाली बसणार, परत कर. वडील चिडले, पण जोडी परत गेली. ती ज्यानं घेतली त्याचा बैल ऐन पेरणीत शेतात भर तासातच बसला तो उठेचना. तेव्हापासून आमच्या आईनं पदराला गाठच मारली. घरात काही आणायचं तर दादाचा हात फिरल्याशिवाय नाही. माझ्या थोरल्या बहिणीचं स्थळसुद्धा त्यातून सुटलं नाही. मामांनी नवऱ्या मुलाला सहज म्हणून विहिरीपर्यंत जाऊन यायला सांगितलं आणि परत येताना बघून आईला म्हणाले, चाल बरी हाय. आमचे दाजी अजून ताईशी भांडले की हेच ऐकवतात, मी चालीवर पास झालेला माणूस आहे.

त्यांना वय विचारलं तर म्हणायचे, "पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मी अजून अदत होतो." अदत म्हणजे दुधाचे दात न पडलेलं वासरू. लोक हसायचे. मामा नाही हसायचे, त्यांच्या लेखी तो साधा हिशोब होता.

आता माझं सांगतो. मी बैल विकून पिकअप घेतली. आमचं गाव वेरूळच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. डोंगरावर धनगरांची वस्ती आहे, आम्ही तिला वरची वस्ती म्हणतो. तिथली माणसं मेंढरं घेऊन महिनोन् महिने बाहेर असतात आणि मागं बायका म्हशी सांभाळतात. त्या म्हशींचं दूध रोज सकाळी वरून आणायचं आणि शहरातल्या डेअरीला घालायचं, हा माझा धंदा. रस्ता म्हणाल तर अर्धा गुळगुळीत डांबरी आणि उरलेला देवाच्या भरवशावर. वर चढताना मुरूम आणि दगड, आणि चढाच्या आधी ओढ्याकाठी काळी माती. काळी माती उन्हाळ्यात दगडासारखी, पावसाळ्यात चिकट. चाकाला अशी बसते की टायर कुठं आणि माती कुठं कळत नाही. तिथं गाडी अडकली की वरचं दूध वरच राहायचं.

वस्तीवर धुरपदाबाई म्हणून एक बाई होती. तोंडानं फाटकी, पण मनानं सरळ. तिच्या घरचा कारभार दोन म्हशींवर होता. एका पावसाळ्यात गाडी वर चढेना, तेव्हा ती डोक्यावर कॅन घेऊन ओढ्यापर्यंत उतरून यायची. पायाला चिखल, पदर ओला, आणि तोंड सुरू. गाडी तुझी का माझी, म्हणायची. त्या पावसाळ्यात कितीदा दूध नासलं आणि डेअरीवाल्यांनी परत केलं, ते मी विसरायला बघतो.

गाडी घसरायची त्याचं कारणही मामाच. पिकअप नवी होती तेव्हा आईच्या हट्टानं मी ती आधी मामांच्या दारात नेली होती. मामांनी चारी बाजूंनी फिरून बघितली, अंगठ्यानं टायरं दाबली आणि चुन्यानं प्रत्येक टायरवर खूण केली, हे डावं, हे उजवं. बैलाचं असतंच तसं. डाव्या अंगाला जुंपायची सवय लागलेला बैल उजवीकडं जुंपला की बिथरतो. पण टायर म्हणजे काय बैल आहे? काही महिन्यांनी गॅरेजवाला म्हणाला, टायरं आलटून पालटून लावू या, सारखी झिजतील. त्या दिवशी मामा नेमके बरोबर होते. ते गाडीच्या आणि जॅकच्या मधेच येऊन उभे राहिले. डाव्या खांदीचं उजवीकडं जाणार नाय म्हणजे नाय. गॅरेजवाल्यानं माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघितलं. टायरं बदलली नाहीत. व्हायचं तेच झालं. वस्तीचा चढ एका अंगाला कललेला, सगळं ओझं डाव्या चाकांवर. डावी टायरं पार गोटा झाली, आणि उजवी अजून नक्षी मिरवत बसली होती. मामांना दाखवलं तर म्हणाले, "डावा बैल जास्त कष्टाळू असतो."

तर त्या पावसाळ्यानंतर मी ठरवलं, पुढच्या मिरगाच्या आत चारी टायरं बदलायची. धुरपदाबाईनंही निक्षून सांगितलं होतं. होळीच्या सुमाराला मी वर गेलो तेव्हा ती म्हशीला पाणी पाजत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, "दादा, तू टायर घेतो का मी म्हशी विकू? एक काय ते पावसाच्या आदी सांग." मी म्हणालो, घेतो. शब्द दिला. गिऱ्हाईक तिच्याकडं खरंच येऊन गेलं होतं, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं.

आणि मी मूर्खासारखं आईपुढं बोलून बसलो की टायरं घ्यायची आहेत. आईनं लगेच भावाला निरोप धाडला. झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन शहराकडं निघालो तर पडेगावच्या पुढं रस्त्याच्या कडेला मामा उभे. गुळगुळीत दाढी, धुतलेलं धोतर, हात वर. दूध घालून झाल्यावर आम्ही टायरच्या दुकानात गेलो.

दुकान सलीमभाईंचं. गोरा, गोल, शांत माणूस. त्यांनी माझा रस्ता विचारला आणि म्हणाले, "तुमको ऑल टेरेन होना." मग समजावून सांगितलं. नुसत्या रेघांचं टायर डांबरावर छान पळतं पण चिखलात घसरतं. मोठ्या गुट्ट्यांचं, म्हणजे जाड उंचवट्यांचं, चिखलात धरून राहतं पण डांबरावर घुमतं आणि लवकर झिजतं. ऑल टेरेन दोन्हीच्या मधलं, डांबरावरही चालतं, मुरमावरही चढतं. मला पटलं. एका मिनिटात पटलं. मी खिशात हात घातला तर मामांनी माझं मनगट धरलं.

"नांगराला एक बैल, गाडीला एक," मामा म्हणाले. "दोन्हीला चालतो म्हणणारा दोन्हीकडं बसतो."

तिथून ते सुरू झालं. मामा टायरच्या मागून आले. आता टायरला मागचं पुढचं कुठलं, पण ते मागून आले. गुट्ट्यांच्या मधल्या फटीत अंगठा घालून बघितला, रबराचा वास घेतला, कडेची अक्षरं बोटानं चाचपली. नंतर टायर दुकानाबाहेर नेऊन रस्त्यावर सोडलं. चाल बघायची होती त्यांना. टायरची चाल बरी असावी, कारण ते उतारावर जे सुटलं ते रसवंतीवाल्याच्या बाकड्याला जाऊन धडकलं. रस पीत बसलेला माणूस ग्लासासकट उठून उभा राहिला. मी धावत गेलो, माफी मागितली, टायर ढकलत परत आणलं. मामा शांतपणे म्हणाले, डावीकडं ओढतंय, दुसरं दाखव.

सलीमभाईंनी दुसरं दाखवलं. मग तिसरं. सगळी एकाच साच्यातली, एकाच कंपनीची. मामांना त्यात फरक दिसत होता. सलीमभाई जरा उत्साहात आले आणि त्यांनी टायरच्या कडेला छापलेले आकडे दाखवले, हे टायर कोणत्या साली, कोणत्या आठवड्यात तयार झालं ते यावरून कळतं. मला वाटलं, मिटलं, आता तरी पटेल. मामांनी तो आठवडा कोणत्या महिन्यात पडतो ते माझ्याकडून काढून घेतलं. श्रावण निघाला. पावसाळ्यात जन्मलेलं वासरू पोटाचं कच्चं असतं, मामा म्हणाले, आणि पंचा खांद्यावर टाकून उठले. सलीमभाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "चचा ऐसेच हैं क्या शुरू से?" मी म्हणालो, हौ.

असं किती वेळा गेलो असेन त्याची मोजदाद मी केली नाही, केली असती तर भांडण झालं असतं. जायचं, बघायचं, दुसरं दाखव म्हणायचं, परत यायचं. शनिवारी जायचंच नाही, कारण शनिवारी तेल, लोखंड, चामडं घरात आणत नाहीत. मी म्हणालो, हे रबर आहे. मामा म्हणाले, रबर म्हणजे गाडीचं चामडंच. अवसेला नाही. संकष्टीला जायला हरकत नाही, पण मग मामांचा उपास आणि दुपारी चक्कर. एकदा सगळं जुळून आलं. वार चांगला, टायर पसंत पडायच्या बेतात. मामांनी एकदम पंचा काढला, सलीमभाईंच्या हातावर टाकला आणि पंच्याखाली त्यांची बोटं धरली. बाजारात बैलाचा भाव असाच ठरतो, चारचौघांना कळू नये म्हणून, बोटांच्या खुणांनी. सलीमभाईंना त्यातलं काय ठाऊक. त्यांना वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. त्यांनी मामांना घट्ट धरून खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं, तोंडावर शिंपडलं. मामा इतके संतापले की पंचा झटकून थेट गाडीत जाऊन बसले. आणि टायर पुन्हा राहिलं.

चैत्र गेला, वैशाख संपत आला. मी रोज वर जात होतो आणि धुरपदाबाई रोज माझ्या चाकांकडं बघत होती. बोलत नव्हती, तेच जास्त लागत होतं. मी एकदा मामांना सगळं स्पष्ट सांगितलं. म्हणालो, मामा, बाई म्हशी विकायला निघाली आहे, तिची गेली की बाकीच्या बायकाही तेच करतील, मग माझी गाडी रिकामी फिरणार. मामांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दिगू, टायर म्हंजे गाडीचे खूर. खुरात घाई केली की जलमभर लंगडावं लागतं." माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी गाडी काढली आणि एकटाच निघालो.

दिवस शनिवार होता, वर अवस. मुद्दामच. मोठा आवाज करत सलीमभाईंच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, ऑल टेरेन, चार, आत्ताच्या आत्ता. सलीमभाईंनी माझ्या मागं वाकून बघितलं आणि चचा कुठं आहेत विचारलं. मी म्हणालो, चचा नाहीत. एक तासात टायरं बसली. मला विचाराल तर मी बरोबर केलं, आजही तेच करीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा रस्त्याला उभे होते. मी गाडी थांबवली, खाली उतरलो. भांडायच्या तयारीतच होतो. मामांनी चारी टायरांकडं बघितलं, पण लांबूनच. वाकले नाहीत. हात लावला नाही.

"घेतलीस?"

"घेतली."

"शनवारी?"

"शनवारी."

त्यांनी पंचा नीट केला. "बरं झालं. तुझं तू बघायला लागला," म्हणाले आणि घराकडं वळले. मग मलाच राग आला. एवढ्यावर सोडून देतात म्हणजे काय? मला भांडण पाहिजे होतं.

टायरं चांगली निघाली. पाऊस लागला, ओढ्याकाठची माती चिकट झाली, गाडी जरा हलली, डुलली आणि चढून गेली. धुरपदाबाईनं कॅन गाडीत ठेवता ठेवता टायरच्या गुट्ट्यांवर पाय आपटून बघितला आणि म्हणाली, आता कसं. म्हशी दावणीलाच राहिल्या. पुढं तिनं एक आणखी घेतली. त्या पावसाळ्यात माझं दूध एकदाही परत आलं नाही आणि मी मनातल्या मनात मामांना रोज ऐकवत होतो, बघा, दोन्हीला चालणारा बैल असतो.

ऐकवत होतो मनातच, कारण मामा रस्त्यावर दिसेनासे झाले. मी रोज त्यांच्या दारावरून जायचो, दार उघडं असायचं, बाहेर कुणी नसायचं. उभे राहिले तरी ताप आणि नाही राहिले तरी ताप, असला माणूस. सणावाराला भेटलो तर प्रकृती विचारायचे, आईचं विचारायचे, म्हशींचंसुद्धा विचारायचे. गाडीचं नाव काढायचे नाहीत. मी काढलं तर म्हणायचे, तुझं तू बघतो ना आता.

टायरं झिजायची तेव्हा झिजली. त्या वेळेपर्यंत मामा खाटेला लागले होते. आधी पाय गेले, मग डोळे अंधुक झाले. शहरातल्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. मी सलीमभाईंकडून तशीच चार टायरं घेतली. वार बघितला नाही, पण सोमवार होता. बसवून घेतली नाहीत. का नाही घेतली ते मला विचारू नका, गाडीच्या मागं टाकली आणि भर दुपारी मामांच्या दारात गाडी थांबवली.

मामी बाहेर आली. मागं टायरं बघून म्हणाली, इकडं कशाला आणलीस? मी म्हणालो, दाखवायला. मामी दारातच उंबऱ्यावर बसली. मग हळू आवाजात म्हणाली, तो उन्हाळा तुला आठवतो का? तेव्हा रोज सकाळी उठून दाढी करायचे. दिगू येणार, दुकानात जायचंय म्हणायचे. बैल गेले, बाजार गेला, आता लोक ट्रॅक्टरसुद्धा मोबाइलवर बघून घेतात. "विचारणारा तू शेवटला होतास रे." मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. हे सरळ सांगायला काय झालं होतं? टायर घेऊन टाक आणि मला रोज भेटायला ये, असं म्हणता आलं नसतं का? मी आलो नसतो का?

एक टायर उचलून मी आत नेलं आणि खाटेला टेकवून उभं केलं. मामा डोळे मिटून पडले होते. रबराचा वास आला तशी नाकपुडी हलली.

"कोण, दिगू? काय आणलंस?"

"टायर आणलंय मामा. बघता का?"

हात बाहेर आला. हात वाळला होता, अंगठा मात्र तेवढाच होता. तो गुट्ट्यांवरून फिरला, फटीत शिरला, कडेच्या अक्षरांवर थांबला, पुन्हा फिरला. मामी पाणी घेऊन आली आणि तशीच उभी राहिली. मला घाई होती. संध्याकाळच्या आत चारी बसवायची होती, ओढ्याला पाणी आलं होतं, सकाळी वर जायचं होतं. मामांचा अंगठा निवांत फिरत होता. मग थांबला.

"दुसरं दाखव."

मी डोळे मिटले. टायर उचललं, बाहेर आणलं, अंगणात उभा राहिलो. गाडीत चढून दुसरं काढायचा इतका कंटाळा आला होता आणि इतका संताप आला होता, की तेच टायर अंगणात एक चक्कर ढकललं आणि परत आत नेलं. म्हणालो, हे बघा, दुसरं.

मामांनी अंगठा टेकवला. एवढाच, एका जागी.

"हे मगाचंच हाय."

मामीनं पदर तोंडाला लावला. मीसुद्धा हसलो, काय करणार. मामा हसले नाहीत. त्यांनी टायरवर तळहात ठेवला आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे हितंच. रातभर बघतो. सकाळी सांगतो." मी म्हणालो, मामा, सकाळी मला दुधाला जायचंय, जुनी टायरं पार गेलीत, पाऊस लई झालाय. मामा म्हणाले, रातभर दारात बांधल्याबिगर सौदा नसतो, तुला इतक्या वर्षांत एवढं कळंना? पुढं बोलण्यात अर्थ नव्हता. मी टायर तसंच खाटेला टेकवून निघालो. दारातून मागं बघितलं. मामांनी डोळे मिटले होते, एक हात खाटेवरून खाली आला होता आणि टायरवर पडला होता.

तीन नवी आणि एक गोटा अशी चार चाकं घेऊन मी सकाळी वर गेलो. ओढ्याकाठी गाडी आडवी झाली. चिखलात उतरून मी मामांना मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. धुरपदाबाई आणि वस्तीवरच्या दोन बायका गाडी ढकलायला आल्या. ती म्हणाली, कुणाला शिव्या घालतोस रे एवढ्या? मी म्हणालो, मामाला.

दूध घालून परत येताना मामांच्या दारात थांबलो. मामांना बोलता येत नव्हतं. मामी म्हणाली, रातभर हात तिथंच होता, मी बाजूला केला तर परत ठेवायचे. मी वाकून विचारलं, मामा, काय ठरलं? ओठ हलले, पण शब्द निघाला नाही. मी रोज जात राहिलो आणि रोज विचारत राहिलो. त्याच आठवड्यात मामा गेले.

दिवसपाणी झाल्यावर मामीनं ते टायर माझ्या गाडीत ठेवायला लावलं. मी ते बसवायला गॅरेजला नेलं आणि न बसवताच परत आणलं. चौथ्या जागेला शेवटी सलीमभाईंकडून दुसरं आणून लावलं. म्हणजे मामांचं 'दुसरं दाखव' ऐकावंच लागलं. जाता जाता सुद्धा या माणसानं मला अडकवून ठेवलं.

ते टायर आता स्टेपनीला आहे. परवा मिटमिट्याजवळ माझं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाला कामात होता, म्हणाला, बसा जरा. मी बसलो. उन्हात बसलो, दूध तापत होतं, डेअरीची वेळ टळत होती. त्यानं गाडीच्या मागं बघितलं आणि म्हणाला, दादा, नवंकोरं टायर सोबत असताना कशाला खोळंबता, चढवून देऊ का?

मी म्हणालो, नको. त्याचं अजून ठरलं नाय.